रात्रीची लाईट आणि ओले पाय

डिसेंबरात राहुरीच्या शिवारात रात्री दोन वाजता कोणी चालताना दिसला, तर तो बहुधा दारं धरायला निघालेला असतो. शेतीची लाईट पाळीने येते. रात्रपाळीचा आठवडा आला की गव्हा-कांद्याचं भरणं रात्रीच उरकावं लागतं. कानाला मफलर, खांद्यावर फावडं, हातात बॅटरी. बॅटरीचा उजेड निम्मा वाटेसाठी, निम्मा उसातल्या बिबट्यासाठी.

थंडीने माणूस दगावतो म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. आपल्याकडे पारा आठ-दहा अंशांवर आला तरी पेपरात बातमी होते, म्हणजे आकडा तसा किरकोळच. पण अंग ओलं असेल आणि वारं सुटलेलं असेल तर बर्फाची गरज पडत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. त्यात आपल्या हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब रात्री वर निघून जाते, तिला अडवायला ढग नसतात. सगळ्यात कडक गारठा उजाडताना पडतो. नेमकी तेव्हाच पाळी संपत आलेली असते, आणि माणूस दमलेला, उपाशी असतो.

एका डिसेंबरात मी मामांबरोबर कांदा भरायला गेलो होतो. विहिरीचं पाणी पाटात पडताना वाफाळत होतं. पाय घातला तर चक्क कोमट. मी खूश होऊन बांधावर आलो आणि पाच मिनिटांत पोटऱ्या बधिर झाल्या. मामा म्हणाले, "काम संपल्याबिगर भायेर कशाला आला?" भूगर्भातलं पाणी बाराही महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं, म्हणून गारठ्यात ते ऊन वाटतं. त्यातून बाहेर पडलं की ओल्या कातडीवरचं पाणी वाऱ्याने उडायला लागतं आणि जाताना अंगातलीच उष्णता घेऊन जातं. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी उघड्यावरून येतं, त्यात हा दिलासाही नाही.

मामांचा सगळा बंदोबस्त मोटारीच्या खोपीत खुंटीला टांगलेल्या एका पिशवीत होता. कोरडी विजार, कोरडे पायमोजे, गुळाचा खडा. गमबूट त्यांनी कधी वापरले नाहीत. चिखलात रुततात, आणि एकदा वरून पाणी शिरलं की तेच पाणी रात्रभर पायाशी घेऊन फिरायचं. बसायला बारदान, त्याखाली हातभर पाचट, कारण भुई बसल्या जागी ऊब शोषते. शेकोटी कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, गंजीपासून चांगली लांब. पाठीशी आडोसा नसेल तर छाती भाजते आणि पाठ काकडते. निखारे मात्र खोपीत घेऊन झोपायचं नाही. बंद जागेतल्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. ऊसतोडीच्या कोप्यांतही हाच धोका आहे.

स्वेटरपेक्षा मामांचा भरवसा घोंगडीवर. सुती गोधडी घरात राणी, पण दवाने भिजली की तिचा ओला गोळा होतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या केसांत हवा अडकून राहते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचते. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली, म्हणून वीणही घट्ट बसते. धनगर तिची खोळ करून डोक्यावरून घेतात आणि उघड्या रानात मेंढ्यांच्या वाड्याशी रात्र काढतात. घोंगडी मात्र आता पुण्यात भिंतीवर लटकते, याचं मला हसू येतं.

हुडहुडी भरली तर घाबरायचं कारण नाही, ती शरीराची स्वतःची शेगडी आहे. भीती वाटावी ती हुडहुडी थांबल्यावर. माणूस बरळतो, अडखळतो, बोटांनी गुंडी लागत नाही, "मला झोपू द्या" म्हणतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली घसरल्याची ही लक्षणं. आधी ओले कपडे उतरवायचे, कोरड्यात गुंडाळायचं, ऊब छातीला आणि काखेत द्यायची, आणि दवाखाना गाठायचा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच गोड चहा. हातपाय चोळायचे नाहीत. दारूचा घोट तर नकोच. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर पडते.

दिवसा लाईट मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. मामांबरोबरच्या त्या रात्री मात्र आमची लाईट सकाळी सहाला गेली. मामांनी आधी विजार बदलली, पायमोजे चढवले, मग स्टार्टरच्या पेटीचं दार लावलं. चहाचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं.