खेळनिर्मितीतील चित्रकार : मुलाखतीची पूर्वतयारी

शासकीय रेखाकला परीक्षेत उत्तम श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, हा प्रश्न पालक अनेकदा शिक्षकांना विचारतात. कलाशिक्षक, जाहिरात आणि छपाई या परिचित वाटांबरोबर आता संगणक व मोबाइलवरील खेळांच्या निर्मितीची वाटही खुली झाली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळाची दृश्ये पहाडी लघुचित्रे व राजस्थानी वास्तुकला यांच्या प्रेरणेतून साकारली आहेत. आपल्या कलापरंपरेचा अभ्यास या क्षेत्रात वाया जात नाही, हे यावरून दिसते.

कामाचे नमुने

या क्षेत्रात प्रमाणपत्रापेक्षा उमेदवाराच्या कामाचे नमुने, म्हणजेच पोर्टफोलिओ, अधिक बोलतात. पात्रे व स्थळे यांची कल्पनाचित्रे काढणारा, त्यांना त्रिमितीय रूप देणारा, त्यांत हालचाल भरणारा असे कलाकारांचे वेगवेगळे प्रकार आहेत. ज्या जागेसाठी अर्ज असेल, त्या प्रकारची निवडक आठ-दहा कामेच मांडावीत. एखादे कच्चे चित्र चांगल्या चित्रांचाही प्रभाव घालविते. सामूहिक कामात आपला वाटा कोणता, हे स्पष्ट लिहावे. साधनांचा खर्च ही अडचण असल्यास ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रश्नांचा रोख

चित्र सुंदर आहे, एवढ्याने भागत नाही. खेळ सुरू असताना संगणकाला पडद्यावरील दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रेखाटावे लागते. साठ वेळा म्हटल्यास प्रत्येक दृश्यास सुमारे १७ सहस्रांश सेकंदच मिळतो. म्हणून झाडाचे प्रत्येक पान कोरण्याऐवजी कोठे तपशील द्यावा व कोठे वाचवावा, याचा विवेक लागतो. हा आकार का निवडला, संदर्भ कोणते पाहिले, किती वेळ लागला, दोष दाखविल्यावर काय बदलले, असे प्रश्न मुलाखतीत येतात. त्यांची उत्तरे आधी मोठ्याने बोलून पाहावीत. संस्थेचे एक-दोन खेळही स्वतः खेळून पाहावेत.

चाचणी व सावधगिरी

काही संस्था घरी करावयाचे चाचणीकाम देतात. त्याची मुदत, अपेक्षित तपशील आणि त्या कामावरील हक्क यांबाबत आधीच विचारणे उद्धटपणाचे नव्हे. दुसऱ्याचे चित्र किंवा यंत्राने तयार केलेली प्रतिमा स्वतःची म्हणून दाखवू नये. पुढच्या दोन प्रश्नांतच ते उघड होते. नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

शिक्षकांचा वाटा

आपल्या चित्रावरील टीका शांतपणे ऐकणे आणि त्यानुसार ते सुधारणे, ही सवय मुलाखतीच्या आदल्या दिवशी लागत नाही. ती शाळेच्या चित्रकला तासालाच लागू शकते. पूर्ण झालेल्या चित्राबद्दल विद्यार्थ्याला वर्गासमोर पाच मिनिटे बोलावयास लावावे. यास वेगळा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक संगणक व इंटरनेट जोडणी यांची सोय झाल्यास गावातील होतकरू चित्रकारालाही आपले नमुने घरबसल्या पुण्या-मुंबईच्या संस्थांपुढे ठेवता येतील.