किल्लीच्या पोटातली किल्ली

वैशाखातली रात्र होती. गाव मैंदर्गी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. रात्रीचा दीड वाजला होता. आमच्या साक्षरता वर्गाला येणाऱ्या एका आत्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तिला अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे होते. शेजारच्या मुलाची मोटार दारातच उभी होती. मुलगा धावत आला. त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्यावरचे बटण दाबले. गाडी उघडली नाही. पुन्हा दाबले. दिवा लागला नाही की आवाज आला नाही.

"आत्या, गाडी उघडतच नाही बघा!" मुलगा रडकुंडीला आला.

कोणी म्हणाले, "काच फोडा." एकजण दगड शोधायला गेला. आम्हीही तिथे होतो. इतरांना शिकवणारे आम्ही, पण त्या वेळी आम्हालाही काही सुचेना.

तेवढ्यात पलीकडच्या घरातले मामा आले. त्यांची सारी हयात ट्रक चालवण्यात गेलेली. ते म्हणाले, "थांबा रे! काच कशाला फोडता? किल्लीच्या पोटात किल्ली असती."

मामांनी ती रिमोटची किल्ली हातात घेतली. तिच्या कडेला एक बारीक खटका होता. तो सरकवून त्यांनी आतून एक पोलादी किल्ली ओढून काढली. ती दाराच्या भोकात घातली, फिरवली आणि दार उघडले. दार उघडताच भोंगा वाजू लागला. सारी गल्ली जागी झाली. मुलगा घाबरला.

मामा म्हणाले, "वाजू दे. गाडी तुला चोर समजतीय. आता ही किल्ली त्या बटणाला टेकव आणि गाडी चालू कर."

गाडी चालू झाली. भोंगा थांबला. पहाटे आत्यांना नात झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

त्या रात्री मामांनी जादू केली नाही. त्यांना गाडीची रीत ठाऊक होती. ती आपणही समजून घेऊ.

एका किल्लीत तीन वस्तू

मैंदर्गीत कोणी किल्ली म्हणतो, कोणी चावी म्हणतो, कानडी बोलणारा कीलिकै म्हणतो. पूर्वी किल्ली म्हणजे दात पाडलेली लोखंडाची पट्टी. कुलपाच्या आत लहान पत्र्या असतात. किल्लीचे दात बरोबर असले की साऱ्या पत्र्या एका ओळीत येतात आणि कुलूप फिरते. दात चुकीचे असले की एखादी पत्री अडून बसते.

आजच्या रिमोटच्या किल्लीत तीन वस्तू असतात.

पहिली वस्तू म्हणजे लहानसे रेडिओ यंत्र. बटण दाबले की ते गाडीला सांकेतिक निरोप पाठवते. हा निरोप दर वेळी बदलतो, म्हणून चोराला त्याची नक्कल करणे अवघड जाते. या यंत्राला वीज लागते. ती एका चपट्या, गोल सेलमधून मिळते. सेल संपला की यंत्र मुके होते.

दुसरी वस्तू म्हणजे ओळख पटवणारा बारीक तुकडा. त्याला चिप म्हणतात. हिला सेल लागत नाही. रात्री शेतात बॅटरीचा उजेड पाडला की मांजराचे डोळे चमकतात. डोळ्यांत दिवा नसतो. आपल्याच उजेडाने ते चमकतात. चिपचेही तसेच. गाडीतल्या तारेच्या वेटोळ्याजवळ किल्ली नेली की चिपला त्यातूनच थोडी वीज मिळते. तेवढ्यावर ती आपली ओळख सांगते. म्हणून मामांनी किल्ली बटणाला टेकवायला लावली.

तिसरी वस्तू म्हणजे पोलादी किल्ली. तिला ना सेल लागतो, ना वीज. वीज दगा देईल, हे ओळखूनच ती आत ठेवलेली असते.

दार कसे उघडावे?

किल्लीच्या कडेला किंवा पाठीला खटका असतो. तो दाबून किंवा सरकवून पोलादी किल्ली ओढून काढावी. मग चालकाच्या बाजूच्या दाराचे भोक शोधावे. काही गाड्यांत ते उघडे दिसते. काहींत ते मुठीजवळ एका लहान झाकणाखाली लपलेले असते. झाकणाच्या खालच्या अंगाला बारीक फट असते. तिच्यात किल्लीचे टोक घालून झाकण हळूच उचलावे.

किल्ली पूर्ण आत घालावी आणि बेताने फिरवावी. एका बाजूला फिरली नाही तर दुसऱ्या बाजूला फिरवून पाहावी. जोर करू नये. किल्ली मोडून तुकडा आत अडकला, तर एकाच्या दोन अडचणी होतील.

दार उघडल्यावर भोंगा वाजला तर घाबरू नका. गाडीने खरी किल्ली ओळखली की तो बंद होतो.

गाडी कशी चालू करावी?

ज्या गाडीत किल्ली भोकात घालून फिरवतात, तिथे प्रश्नच नाही. सेल संपला तरी किल्ली फिरवावी, गाडी चालू होते.

बटणाच्या गाडीत मात्र आधी गियर न्यूट्रलवर आहे ना, ते पाहावे. मग क्लच आणि ब्रेक दोन्ही पायांनी दाबून धरावेत. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीत गियर उभ्या गाडीच्या जागी ठेवून ब्रेक दाबावा. आता रिमोटची किल्ली चालू करायच्या बटणाला टेकवावी आणि बटण दाबावे. काही गाड्यांत किल्ली ठेवायला वेगळा खण असतो. आपल्या गाडीत तो कुठे आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ती एकदा दिवसाउजेडी वाचावी. स्वतःला वाचता आली नाही तर मुलाकडून वाचून घ्यावी.

एक गोष्ट विसरू नका. वाटेत गाडी बंद केली तर हेच सारे पुन्हा करावे लागेल.

दोष सेलचा की गाडीच्या बॅटरीचा?

दार उघडल्यावर आतला दिवा पाहावा. हॉर्न वाजवून पाहावा. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, तर गाडीची मोठी बॅटरी ठीक आहे. दोष बहुधा किल्लीतल्या सेलचा. दिवाही नाही, हॉर्नही नाही, तर मोठी बॅटरीच उतरली आहे. मग किल्ली टेकवून उपयोग नाही. जाणत्या माणसाला बोलवावे. घरात आजारी माणूस असेल तर वेळ घालवू नये. एकाने गाडी पाहावी आणि दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांकाला फोन लावावा. ही रुग्णवाहिका फुकट येते.

सेल कसा बदलावा?

सेल एकदम दगा देत नाही, आधी सूचना देतो. पूर्वी लांबून उघडणारी गाडी आता जवळ गेल्यावरच उघडते. बटण दोनदा, तीनदा दाबावे लागते. असे झाले की सेल बदलावा.

आपल्या आत्यांनी दुसऱ्याच दिवशी हे काम अंगावर घेतले. "माझ्या नातीचा जीव टांगणीला लावला ह्या सेलनं," असे म्हणत त्या त्या मुलाला घेऊन दुकानात गेल्या. जुन्या सेलवर सीआर २०३२ असे इंग्रजीत लिहिले होते. दुकानदाराने गडबडीत दुसराच सेल दिला. आत्यांनी तो उजेडात धरला. इंग्रजी आकडे त्या एस.टी.च्या पाट्यांवरून आणि मोबाईलवरून शिकल्या होत्या.

"भाऊ, ह्याच्यावर २०२५ लिवलंय. आमचा २०३२ हाय."

दुकानदाराने मुकाट्याने सेल बदलून दिला. त्या आकड्याला अर्थ आहे. २० म्हणजे सेलची रुंदी २० मिलिमीटर. ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ चा सेल २.५ मिलिमीटर जाडीचा. तो सैल बसतो आणि नीट टेकत नाही. सर्वच किल्ल्यांत २०३२ चा सेल नसतो. म्हणून जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा आणावा. सेलच्या ज्या बाजूला अधिकची (+) खूण असते, ती बाजू पूर्वी होती तशीच ठेवावी.

लेकरांना जपा

हा सेल गोळीसारखा चकचकीत दिसतो. लहान मूल तो तोंडात घालते. सेल घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. जुना संपलेला सेलही घातक असतो. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. ओकारी काढायला लावू नये.

आणखी एक. उन्हात बंद गाडीत मुलाला एकटे ठेवू नये. सोलापूरचे ऊन आपण जाणतोच. बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. मूल आत, किल्लीही आत आणि दार बंद, असे झाले तर मात्र वाट पाहू नये. मुलापासून लांबची काच फोडावी. काच पुन्हा मिळते.

आजच हे करा

१. रिमोटच्या किल्लीतून पोलादी किल्ली काढून पाहा. ती आत आहे ना, याची खात्री करा.
२. दाराचे भोक शोधा. त्यात ती एकदा फिरवून पाहा. धुळीने कुलूप अडते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फिरवा.
३. गाडीची दुसरी किल्ली घरात ठरलेल्या जागी ठेवा. ती जागा घरातल्या सगळ्यांना सांगा.
४. सेलचा आकडा वहीत लिहून ठेवा.

आत्यांच्या वहीत आता दोन आकडे आहेत. एक सेलचा, दुसरा नातीच्या जन्माच्या तारखेचा. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत.