वर्णरेषेवरील विचारवंत

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. माणसांच्या बेड्या तुटल्या. परंतु काळ्या वर्णाचा मनुष्य जन्मतःच हीन असतो, ही समजूत लोकांच्या मनातून गेली नाही. ही समजूत खोटी आहे, हे सिद्ध करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते विचारवंत म्हणजे डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. शाळेत एकदा मुले एकमेकांस भेटीची कार्डे देत होती. नव्याने आलेल्या एका मुलीने डू बॉइस यांचे कार्ड तेवढे नाकारले. आपल्या वर्णामुळे आपण आणि जग यांमध्ये एक पडदा आहे, हे त्या बालमनास त्या दिवशी उमगले. परंतु ते खचले नाहीत. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले.

पुढच्याच वर्षी ते फिलाडेल्फिया शहरात संशोधनासाठी गेले. तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दारिद्र्य व गुन्हेगारी फार होती, आणि लोक त्याचा दोष रहिवाशांच्या वर्णास देत. डू बॉइस त्याच वस्तीत जाऊन राहिले. सुमारे २,५०० कुटुंबांच्या दारी ते स्वतः गेले. घरात माणसे किती, शिक्षण किती, काम कोणते, भाडे किती, हे सारे त्यांनी टिपून घेतले. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की दोष रक्ताचा नसून परिस्थितीचा आहे. शिकलेल्या तरुणासही केवळ वर्णामुळे चांगले काम मिळत नसे. ज्याला वर येण्याची वाटच ठेवली नाही, त्याला मागासलेला म्हणणे हा कोठला न्याय?

१९०३ साली त्यांचा 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हा ग्रंथ निघाला. तिरस्कार सोसणारा मनुष्य स्वतःस दोन दृष्टींनी पाहतो : एक त्याची स्वतःची, दुसरी त्याला तुच्छ लेखणाऱ्यांची. या अवस्थेस त्यांनी 'दुहेरी जाणीव' म्हटले.

परंतु सत्य ग्रंथात ठेवून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. कारण जमावाकडून कृष्णवर्णीयांच्या हत्या होतच होत्या. म्हणून १९०९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह समान हक्कांसाठी लढणारी संस्था स्थापिली आणि १९१० ते १९३४ पर्यंत तिचे 'द क्रायसिस' हे मासिक चालविले. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले. भारतातील अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत मोठे साम्य आहे, असे त्यात म्हटले होते. डू बॉइस यांनी सहानुभूतीपूर्वक उत्तर पाठविले.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घाना देशात, वयाच्या ९५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन येथे दोन लाखांहून अधिक लोक नागरी हक्कांसाठी जमले होते. तेथे ही वार्ता सांगण्यात आली. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला.

एखाद्या समाजास कोणी सरसकट नावे ठेवू लागला, तर त्यास एवढेच विचारावे : "त्यांच्या दारी जाऊन तुम्ही कधी चौकशी केली आहे काय?"