भाडेकरार आणि घरमालकाची धास्ती

वर्धा–आर्वी मार्गावरील आंजी (मोठी)सारख्या गावात शिक्षकाला किंवा बँक कर्मचाऱ्याला खोली भाड्याने देताना व्यवहार बहुधा तोंडीच ठरतो आणि घरमालकाच्या पुढील अडचणींचे मूळ तेथेच असते. भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, ही भीती सर्वत्र ऐकू येते. वस्तुतः मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचा ताबा ‘प्रतिकूल’, म्हणजे मालकी नाकारणारा, ठरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला असून तो परिशिष्टांत नमूद क्षेत्रांपुरताच लागू होतो; तेथे कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते आणि करार नोंदलेला नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. इतरत्र मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार मासिक भाडेदारी, वेगळा करार नसल्यास, पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते, पण भाडेकरू हटलाच नाही तर दिवाणी न्यायालयाचा लांबलचक मार्ग उरतो. दरम्यान मीटर मालकाच्या नावावर असल्याने थकलेले वीजबिल मात्र त्याच्याच दारी येते.