मेलबर्नचे चार गोल

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य संपलं. सोलापूरला खेटून असलेला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या काळाबद्दल आपल्याकडच्या वयस्कर मंडळींशी बोलायला बसलं की गोष्टी निघतात त्या सीमांच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या. हैदराबाद राज्य संपल्यावर बरोबर महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला फुटबॉलमध्ये 4-2 असं हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या एका गोवेकर सेंटर फॉरवर्डचे होते. नेव्हिल डिसूझा हे नाव आज सोलापुरात किती जणांना माहीत असेल?

तो संघ सोलापूरच्या दोन्ही बाजूंनी आला होता. मुंबईहून हैदराबादला जाणारी रेल्वे सोलापूर आणि वाडीवरून जाते. या मार्गाच्या एका टोकाला कूपरेज मैदान. तिथे 1891 पासून चालत आलेली रोव्हर्स कप स्पर्धा भरायची. दुसऱ्या टोकाला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम आणि त्यांचा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. मेलबर्नच्या भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीमच होते. तुळशीदास बलराम, नूर मोहम्मद, अझिझुद्दीन असे त्यांच्याच शहरातले अनेक जण त्या संघात होते. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून मुंबईत खेळायचा. रहीमसाहेबांची शिस्त आणि मुंबईच्या या आघाडीपटूचा गोलसमोरचा थंडपणा यांची गाठ त्या स्पर्धेत पडली.

त्या सामन्याचा आलेख बघण्यासारखा आहे. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला 2-2. यजमानांनी दोनदा बरोबरी साधली की पाहुण्या संघाचा धीर सुटतो. इथे मात्र मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल केला आणि उरलेल्या वेळात ऑस्ट्रेलियाला तो फेडता आला नाही. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूने चौथा गोल करून सामना संपवला. नेव्हिलची ही ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली हॅट्‌ट्रिक मानली जाते. उपांत्य फेरी गाठणाराही भारत हा आशियातला पहिलाच देश.

आघाडीपटूची थोरवी मोजताना आपण गोलांची बेरीज करतो. मला ती मोजणी अपुरी वाटते. आघाडीपटूचं काम संघ अडचणीत असताना कळतं आणि ते त्याच्या एकट्याचं कधीच नसतं. नेव्हिलच्या दोन्ही बाजूंना कोण होतं ते पाहा : विंगवर पी. के. बॅनर्जी, आत कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी आणि किट्टू, दिमतीला बलराम. त्या काळी आघाडीची फळी पाच जणांची असे. रहीमनी या पाचांकडून वैयक्तिक कसरती सोडवून जमिनीलगतच्या छोट्या पासांचा खेळ घडवला होता.

या संघाने केवढी मजल मारली, हे समजायला चार वर्षं मागे जावं लागतं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असं धुतलं होतं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच आली. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मध्यंतरानंतर पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिलचा. दहा गोल खाल्लेला संघ त्याच प्रतिस्पर्ध्यावर आघाडी घेऊन उभा होता! ती आघाडी टिकली नाही. युगोस्लाव्हियाने सामना 4-1 असा जिंकला आणि पुढे रौप्यपदकही घेतलं. पण नेव्हिलचे चार गोल झाले होते. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्याबरोबर तो स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

या यशाला एक बाजू आहे, ती लपवू नये. त्या स्पर्धेत फक्त अकरा संघ उतरले. हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपली पहिली फेरी न खेळताच पार पडली. तरी मेलबर्नचा विजय नशिबाचा होता असं मी मानत नाही. काही दिवसांनी सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा सामना झाला आणि भारताने तो 7-1 असा जिंकला.

कांस्यपदकाचा सामना 7 डिसेंबरला झाला. बल्गेरियाने भारताला 3-0 हरवलं. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं होतं आणि सामन्याच्याच दिवशी दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अशा दिवशी मेलबर्नच्या बातमीकडे महाराष्ट्राचं लक्ष जाणं शक्यच नव्हतं. त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. नंतरच्या जवळपास सात दशकांत मात्र आपल्याला सवड होती. चार वर्षं आधी हेलसिंकीत कुस्तीत कांस्य जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांनाही महाराष्ट्राने फार उशिरा डोक्यावर घेतलं. नेव्हिलकडे तर पदकही नव्हतं. अर्जुन पुरस्कार सुरू झाले ते 1961 मध्ये, म्हणजे त्याच्या ऐन उमेदीनंतर. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. कें.ना मिळाला.

नेव्हिलनंतरच्या आघाडीपटूंमध्ये आकड्यांनी सगळ्यात उंच सुनील छेत्री. 2005 मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल, आणि जून 2024 मध्ये निवृत्त झाला तेव्हा 151 सामन्यांत 94. पुढच्या वर्षी तो परतला आणि मालदीवविरुद्ध आणखी एक केला. त्याचा एक प्रसंग मुंबईतला आहे. 1 जून 2018 रोजी अंधेरीच्या मैदानावर त्याने चायनीज तैपेईविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. मग त्याने हात जोडून लोकांना मैदानावर बोलावलं. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची, म्हणजे त्याच्या शंभराव्या सामन्याची, सगळी तिकिटं संपली. भारताच्या कर्णधाराला प्रेक्षक मागावे लागले, हे मला अजून लागतं.

गोव्याने भारताच्या आघाडीच्या फळीला ब्रुनो कुतिन्हो दिला, अलीकडे लिस्टन कोलासो दिला. महाराष्ट्रातून अलीकडे पुढे आलेलं नाव कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं. रिक्षाचालकाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2017 मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला आणि मार्च 2022 मध्ये बहारीनच्या दौऱ्यासाठी वरिष्ठ संघात निवडला गेला. अनिकेत कोल्हापुरातून आला याचं आश्चर्य नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ आहेत, पेठापेठांची ईर्ष्या आहे, शाहू स्टेडियम आहे. आघाडीपटू घडायला आधी सामने लागतात. शनिवार-रविवारी खेळायला मैदान लागतं, आणि हरल्यावर गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटेल इतकी माणसं बघायला लागतात. सोलापूरच्या पार्क मैदानाने क्रिकेटला भरपूर दिलं. तिथे आठवड्यातला एक दिवस फुटबॉलला मिळाला, शाळांच्या स्पर्धा वर्षभर चालल्या, तरी पुष्कळ होईल.

आणखी एक मागणं आहे. हैदराबाद-मुंबई रस्त्यावरच्या या गावात त्या काळी फुटबॉल बघणारी, खेळणारी माणसं असणारच. गिरणीतल्या, रेल्वेतल्या कुणाच्या घरात संघाचा जुना फोटो असेल, 1956 च्या डिसेंबरातलं एखादं कात्रण असेल, रोव्हर्स कपच्या तिकिटाचा तुकडा असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जाऊ देऊ नका. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्याबद्दल विचारा, आणि जे सांगतील ते लिहून ठेवा.