आयडा वेल्स : शाळेने नाकारलेली शिक्षिका, शाळेला लाभलेले नाव

अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या वुड्रो विल्सन हायस्कूलला जानेवारी 2021 मध्ये आयडा बी. वेल्स-बार्नेट या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीचे नाव देण्याचे ठरले, आणि त्यातून एका जुन्या वादाची उशिरा का होईना दखल घेतली गेली. कारण राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून कृष्णवर्णीयांना गोऱ्या सहकाऱ्यांपासून वेगळे बसवले जाऊ लागले, तेव्हा 1913 मध्ये त्यांना जाब विचारायला गेलेल्या शिष्टमंडळात वेल्स होत्या.

शाळेशी मात्र त्यांचे नाते याहून जुने आहे. 1862 मध्ये गुलामीत जन्म, 1878 च्या पीतज्वराच्या साथीत आईवडिलांचा मृत्यू आणि भावंडांच्या पोटासाठी पत्करलेली शिक्षिकेची नोकरी, हा पूर्वेतिहास परिचित आहे. परंतु 1891 मध्ये मेम्फिस शहरातील ‘फ्री स्पीच’ पत्रात, ज्यात त्यांची भागीदारी होती, त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या पडक्या इमारती आणि तिथल्या काही शिक्षकांची अपात्रता यांवर लिहिले आणि शिक्षण मंडळाने त्यांची पुनर्नियुक्ती नाकारली, या प्रसंगाकडे चरित्रकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. नोकरी जाण्यापेक्षा, ज्यांच्या मुलांसाठी लिहिले त्या पालकांनीही कदर केली नाही, हे शल्य त्यांना अधिक होते, असे त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते.

पुढच्याच वर्षी, 9 मार्च 1892 रोजी, त्यांचे स्नेही टॉमस मॉस आणि मॉस यांचे दोन सहकारी यांना तुरुंगातून ओढून नेऊन जमावाने गोळ्या घातल्या. या ‘लिंचिंग’मागे, म्हणजे न्यायालयाबाहेर जमावाने केलेल्या हत्येमागे, खरे कारण एवढेच होते की मॉस यांच्या किराणा दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. स्त्रीवरील अत्याचाराचा सूड हे अशा हत्यांचे रूढ समर्थन खोटे असल्याचे वेल्स यांनी मे महिन्यात छापले. त्या परगावी असताना छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला आणि मेम्फिस त्यांना कायमचे सुटले.

त्यांचे खरे मोठेपण मात्र यानंतर निवडलेल्या पद्धतीत आहे. ‘अ रेड रेकॉर्ड’ (1895) या पुस्तिकेत त्यांनी स्वतःची आकडेवारी पुढे न करता ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्याच दैनिकाने प्रसिद्ध केलेल्या याद्या घेतल्या, जेणेकरून अतिशयोक्तीचा आरोप करण्यास जागाच उरू नये. त्याआधीच्या पुस्तिकेतही, आठ वर्षांतील 728 बळींपैकी केवळ एकतृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप होता, हे त्यांनी त्याच दैनिकाच्या आधारे दाखवले होते. ‘अ रेड रेकॉर्ड’मध्ये मृतांची नावे आरोपांनुसार लावलेली आहेत, तारीख आणि गाव यांसह; खून, जाळपोळ असे नेहमीचे मथळे ओलांडल्यावर गोऱ्यांचा अपमान करणे, विहिरीत विष कालवल्याचा आरोप असे मथळे लागतात, आणि त्यांच्यासोबत एक मथळा असाही आहे की ज्याखालच्या माणसांवर कोणत्याच गुन्ह्याचा आरोप ठेवलेला नव्हता.