कारखाना बुडाल्यावर गाडीवाल्यांचे काय?



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने मोटारसायकलींवर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मी इंजिनियर नाही. माझे शाळेतले शिक्षण लवकर संपले; पुढचे झाले ते कारखान्याच्या गेटवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. हा विषय मी निवडला त्याला कारण एक जुनी आठवण आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या भागातील शेतीपंप बनविणाऱ्या एका कारखान्याला टाळे लागले. सात महिन्यांचा पगार थकला होता. आम्ही गेटवर मांडव घालून बसलो होतो; आतला एक खिळाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा निर्धार होता. एके दिवशी एक शेतकरी एस. टी.ने आला. हातात पिशवी, आणि पिशवीत पंपाचा फुटलेला इंपेलर. तो म्हणाला, "दादा, तुमचं भांडण तुमच्या मालकाशी आहे. माझा ऊस वाळतोय, त्याचं काय?" आम्ही त्याला चहा पाजला आणि तसाच परत पाठविला. आमचा पगार बुडाला होता हे खरे. परंतु त्याचेही काही बुडाले होते, आणि ते आमच्या हिशेबात कोठेच नव्हते. पुढे इंग्लंडातील मोटारसायकल कारखान्यांची हकीकत वाचली, तेव्हा त्या शेतकऱ्याचा प्रश्न मला तेथे मोठ्या अक्षरांत लिहिलेला दिसला.

एकेकाळी इंग्लंडची मोटारसायकल जगभर जात असे. ट्रायम्फ, नॉर्टन, बी. एस. ए., व्हिन्सेंट, वेलोसेट ही नावे आपल्याकडेही जुन्या मिस्त्रींच्या तोंडी होती. व्हिन्सेंटचा कारखाना १९५५ साली मोटारसायकली करण्याचे थांबला, वेलोसेट १९७१ साली संपली, बी. एस. ए.चा डोलारा १९७३ साली कोसळला, आणि ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना १९८३ साली बंद झाला. कारखाने गेले, पण गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्यांच्या मालकांनी पुढे काय केले, हा आजचा विषय.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घेऊ. कारखाना बुडतो तेव्हा तो एकसंध बुडत नाही. त्याचे तीन तुकडे होतात आणि ते तीन वाटांनी जातात. पहिला तुकडा नावाचा. दुसरा तुकडा साहित्याचा: यंत्रे, साचे, ड्रॉइंगे, गोदामातील सुटे भाग. तिसरा तुकडा देण्याचा: कामगारांचा पगार, निवृत्तांचे पेन्शन, गिऱ्हाइकाचा विसार, विकलेल्या गाडीची हमी. नावाला गिऱ्हाईक मिळते. साहित्याचा लिलाव होतो. देणे मात्र कोणी विकत घेत नाही. ते बुडालेल्या कंपनीच्या दारातच पडून राहते.

याचे अगदी अलीकडचे उदाहरण नॉर्टनचे. १८९८ साली बर्मिंगहॅम येथे सुरू झालेले हे नाव अनेक हातांतून फिरत आले आणि २०२० च्या जानेवारीत ती कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. कित्येकांनी नव्या गाडीसाठी विसार भरून ठेवला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या तमिळनाडूतील टी. व्ही. एस. मोटर कंपनीने १ कोटी ६० लाख पौंडांना नॉर्टनचे नाव आणि मालमत्ता घेतली. हा व्यवहार मालमत्तेचा होता. जुन्या कंपनीचे देणे त्यात आपोआप येत नव्हते. त्या कंपनीशी जोडलेल्या तीन पेन्शन योजनांतील लोकांची गोष्ट तर आणखी वाईट. कायद्याने अशा योजनेचा पाच टक्क्यांहून अधिक पैसा स्वतःच्याच मालकाच्या धंद्यात गुंतविता येत नाही. येथे ती मर्यादा पाळली गेली नव्हती, आणि त्याबद्दल योजनेच्या विश्वस्ताने, म्हणजे कंपनीच्या तेव्हाच्या मालकानेच, २०२२ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. विसार भरणारा गाडीवाला आणि पेन्शनवर विसंबलेला माणूस हे दोघे एकाच रांगेत, आणि रांगेच्या शेवटच्या टोकाला उभे होते.

ही रांग कायद्याने ठरविलेली असते. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे आधी अवसायनाचा खर्च निघतो; मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या धनकोंचे कर्ज एकाच पायरीवर येतात. वस्तूसाठी आगाऊ पैसे दिलेले साधे गिऱ्हाईक बरेच खाली राहते. घराच्या योजनेत पैसे भरलेल्यांना २०१८ साली दुरुस्ती करून वित्तीय धनकोंचे स्थान मिळाले. पण ते हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन ओरडले तेव्हा. मोटारसायकलवाल्याला असे स्थान नाही. इंग्लंडात त्याला एक आधार आहे. तेथील १९७४ च्या कायद्याप्रमाणे १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूचे पैसे, निदान त्यांतील काही भाग, क्रेडिट कार्डाने दिले असतील, तर विकणाऱ्याइतकीच जबाबदारी कार्ड देणाऱ्या संस्थेवरही येते. ज्याने रोख दिले त्याला हा आधार नाही.

आता दुसऱ्या तुकड्याकडे वळू, कारण गाडी चालू राहायची की नाही हे त्यावर ठरते.

एखादा म्हणेल, सुटा भाग म्हणजे काय मोठे? जुना भाग घ्या, खरादवाल्याकडे जा, तसाच करून आणा. येथेच गफलत होते. जुना भाग झिजलेला असतो. त्यावरून नवा केला तर झीजही नकलून येते. मूळ माप किती, किती फरक चालतो, पोलाद कोणते, त्याला पाणी किती द्यायचे, हे भागावर लिहिलेले नसते. ते ड्रॉइंगवर असते. त्यातून जुन्या इंग्रजी गाड्यांचे आटे वेगळे. कोठे व्हिटवर्थ, कोठे सायकलचा बारीक आटा, आणि पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस त्याच कारखान्यांनी आटे बदलले, म्हणून एकाच गाडीवर दोन तऱ्हांचे नट सापडतात. आपल्या मिलिमीटरच्या पान्याने ते खोलायला गेले की कोपरे झडतात.

दुसरी अडचण पैशाची. ओतकामाचा साचा एकदा करावा लागतो, मग त्यातून एक पिस्टन काढा की दोनशे. एकट्या माणसाने एक पिस्टन करवून घ्यायचा म्हटले तर साच्याचा सगळा खर्च त्या एका पिस्टनवर बसतो. दोनशे जणांनी मिळून मागणी दिली तर तोच खर्च दोनशे ठिकाणी वाटला जातो. म्हणजे बुडालेल्या कारखान्याची गाडी एकट्याने सांभाळणे ही चैन होते आणि मिळून सांभाळणे हा व्यवहार होतो. युनियनची वर्गणी ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व.

व्हिन्सेंटवाल्यांनी हे ओळखले. स्टिव्हनेज येथील हा कारखाना लहान, पण त्याची एक हजार सी. सी.ची ब्लॅक शॅडो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावे. गाडी उत्तम असली म्हणजे कारखाना टिकतोच असे नाही, हेही या उदाहरणाने दिसते. कारखाना चालू असतानाच, १९४८ साली, मालकांचा क्लब स्थापन झाला होता. कारखाना थांबला तेव्हा म्हणून ते विखुरलेले नव्हते. पुढे १९७५ साली क्लबच्या सभासदांनी सुट्या भागांसाठी स्वतःची कंपनी काढली. भागधारक तेच, गिऱ्हाईकही तेच. झीज कोणत्या भागाची अधिक होते हे सभासदांनाच ठाऊक, म्हणून काय करायचे याची यादी त्यांच्याच अनुभवातून तयार झाली. भाग करता करता मजल अशी गेली की पुढे या कंपनीने नव्या भागांची एक अख्खी ब्लॅक शॅडो जोडून दाखविली.

कागदांचेही तसेच. कोणत्या क्रमांकाची गाडी कोणत्या दिवशी कारखान्यातून निघाली, याच्या वह्या कारखाना मोडताना रद्दीत जातात. इंग्लंडात १९४६ पासून चालत आलेल्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबाने अशा पुष्कळ वह्या सांभाळल्या. आज तेथून गाडीच्या जन्माचा दाखला मिळतो, आणि तो नसेल तर जुनी गाडी खरी की जोडाजोडीची हे सांगणे कठीण जाते.

आता ट्रायम्फ. ही हकीकत आम्हां युनियनवाल्यांना अभिमानाची आहे आणि थोडी अडचणीचीही. १९७३ च्या सप्टेंबरात नव्या मालकांनी मेरिडनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि अहोरात्र गेटवर पहारा बसविला. तयार गाड्या, साचे, सुटे भाग सगळे आत अडकले. दीड वर्ष झगडा चालला. अखेर १९७५ च्या मार्चमध्ये सरकारचे ४२ लाख पौंडांचे कर्ज आणि साडेसात लाखांचे अनुदान घेऊन कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सुरुवातीला झाडूवाल्यापासून कारागिरापर्यंत सर्वांना एकच पगार, आठवड्याला ५० पौंड. आठ वर्षे त्यांनी बॉनव्हिल गाडी बनविली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये ती संस्थाही बुडाली.

त्या आठ वर्षांत गाडीवाल्यांना भाग मिळत राहिले, याचे श्रेय कामगारांना दिलेच पाहिजे. पण आधीच्या दीड वर्षात गेटबाहेर पिशवी घेऊन उभा राहिलेला गाडीवालाही मला दिसतो. आणि शेवटची गोष्ट पाहा. १९८३ साली नाव घेतले एका घरबांधणीच्या व्यावसायिकाने, आणि त्याच्या परवान्यावर १९८५ ते १९८८ पर्यंत बॉनव्हिल गाडी कोणी बनविली? डेव्हनमधील एका सुटे भाग करणाऱ्याने! मोठा कारखाना संपला तेव्हा धागा तुटू दिला नाही तो सुट्या भागांच्या धंद्याने.

आपल्या देशात याची दोन रूपे दिसतात. एन्फिल्ड बुलेटचा इंग्रजी कारखाना संपला, पण १९५५ पासून मद्रासला सुरू झालेले काम थांबले नाही. पुढे १९७७ पासून तिकडून बुलेट इंग्लंडला जाऊ लागली. मूळ वाळले आणि फांदीने जीव धरला. दुसरे रूप म्हैसूरच्या जावा-येझदीचे. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. त्यानंतर बावीस वर्षे, २०१८ साली जावाचे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणीपर्यंत, या गाड्या जगविल्या त्या गल्लीतल्या मिस्त्रींनी, जुन्या बाजारातल्या दुकानदारांनी आणि दर जुलैत एकत्र जमणाऱ्या मालकांनी. मिस्त्री म्हातारा झाला की त्याच्या हातातली विद्याही जाते. ती लिहून ठेवणे, त्याच्या हाताखाली पोरगा बसविणे, हे काम आपल्याकडे अजून थोडेच झाले आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. नाव कोणी विकत घेतले या बातमीने गाडीवाल्याने हुरळून जाऊ नये. नव्या मालकाने ड्रॉइंगे, साचे आणि जुनी हमी यांचे काय केले ते विचारावे. विसार देताना पैसे कोणाच्या नावे आणि कोणत्या मार्गाने जातात ते पाहावे, पावती जपावी. कारखाना चालू असतानाच मालकांनी संघ करावा, कारण बुडाल्यावर पत्ते शोधण्यात वर्षे जातात. आणि लिलावाच्या दिवशी यंत्रांपेक्षा कागदांवर आधी लक्ष ठेवावे.

माझ्या कामगार बंधूंनाही एक सांगणे आहे. गेटवर बसावे लागते. मीही बसलो आहे. परंतु बसताना एक खिडकी उघडी ठेवावी. अवसायक आला असेल तर त्याच्या संमतीने, पावती फाडून, पैसे वेगळ्या खात्यात जमा करून, सुटे भाग देण्याची सोय करावी. त्याने आपली बाजू कमजोर होत नाही. उलट ज्याला भाग मिळतो तो आपल्या बाजूने साक्ष देतो.

त्या दिवशी तो इंपेलर आमच्या मागच्या गोदामात होता. दोनशे रुपयांची वस्तू. ती आम्ही दिली असती तर आमचा लढा हरला नसता, आणि एका शेतकऱ्याचा ऊस वाचला असता.